जड पाण्यातली ब्लूबेरी

एकतीस वर्षं मी टॉवेल रंगवले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, डाइंग खात्यात, हेल्परपासून सुरुवात करून मास्तर होईपर्यंत. सकाळी खात्यात गेलं की चहाच्याही आधी एक काम असायचं, पाणी बघायचं. पाणी हलकं करणाऱ्या सॉफ्टनरच्या तोटीखाली ग्लास धरायचा, हार्डनेस काढायचा, पीएच पेपर बुडवायचा, आणि मगच लॉट लावायचा. जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात लॉट लागला तर गडद शेडवर ढग उठतात, टॉवेल पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि मालक आपल्याकडे ज्या नजरेनं बघतो ती घरी जाईपर्यंत डोळ्यासमोरून हलत नाही. थोडक्यात, सोलापूरच्या पाण्यानं मला आयुष्यभर पगार दिला आणि शिव्याही खाऊ घातल्या.

हे आधीच सांगून टाकतो. कारण निवृत्त झाल्यावर मी गच्चीत ब्लूबेरी लावली आणि पहिले सहा महिने तिला घालायचं पाणी एकदाही तपासलं नाही.

झालं असं, की लेक पुण्याहून येताना ब्लूबेरीची एक डबी घेऊन आली. सव्वाशे ग्रॅम, किंमत अडीचशे रुपये. बायकोनं एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "करवंदाला चीक नसता आणि साखर जरा जास्त पडली असती तर हेच झालं असतं." मला चवीपेक्षा रंगाचं जास्त वाटलं. वरून निळं, त्यावर पांढुरकी भुकटी, बोटानं पुसली की खाली जवळपास काळं, आणि दाताखाली फोडलं तर आत फिकट हिरवट. म्हणजे सगळा रंग सालीतच. असला पदार्थ रंगाऱ्याच्या हातात दिल्यावर तो गप्प बसत नसतो.

ऑक्टोबर 2022 मध्ये चार रोपं मागवली. दोन बिलॉक्सी, दोन मिस्टी. दोन्ही जाती कमी थंडीत भागवणाऱ्या. ब्लूबेरीच्या मूळच्या जातींना हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते, तेव्हा कुठे त्यांचे डोळे फुटतात. आमच्याकडे थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागे चालताना अंगावर शाल घ्यावी लागते, तेवढीच. तीही दुपारी काखोटीला मारायची.

माती आमची काळी, चुनखडीची. पीएच (हा आकडा जितका कमी तितकी माती आंबट) आठच्या आसपास. ब्लूबेरीला हवा साडेचार ते साडेपाच. कागदावर तीन आकड्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण पीएचचा प्रत्येक आकडा दहापटीचा असतो, म्हणजे तीन आकडे हजारपट. म्हणून जमिनीत लावायचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. चार मोठ्या कुंड्या घेतल्या. कोकोपीट तीन वेळा धुऊन त्यातलं मीठ काढलं, थोडं पीट मॉस, थोडं परलाइट आणि भाताचं तूस मिसळलं. बायकोनं विचारलं, "शेणखत नाही घालणार?" एवढी चार हजारांची रोपं आणि त्यांना उपाशी ठेवायचं, हे तिला पटेना. मलाही पटेना. दोन कुंड्यांत दोन-दोन ओंजळी शेणखत गेलंच.

ब्लूबेरी ही फार जुनी बागेतली गोष्ट नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत लोक ती रानातूनच वेचून आणत, जशी आपल्याकडे करवंदं. बागेत आणली की मरायची. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या माणसानं 1910 साली प्रयोग करून दाखवून दिलं की आंबट माती असेल तरच हे झुडूप वाढतं. चांगली खतावलेली, चुना घातलेली बागेची माती हेच त्याचं मरण. ते वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी त्याला आपल्या शेतावर बोलावलं. बाईंनी रानात फिरणाऱ्या माणसांच्या हाती भोक पाडलेलं माप दिलं. या भोकातून जे फळ खाली पडणार नाही त्याचं झुडूप दाखवा, पैसे घ्या. शोधणाऱ्याचं नाव झुडपाला. 1916 मध्ये त्यांनी लागवडीची पहिली ब्लूबेरी विकली. मला यातलं ते माप फार आवडलं. शेड मॅच करताना आमच्याकडेही चर्चा नसायची. नमुना ठेवायचा, बसलं तर बसलं.

तर, शेणखत. ते आधी वाचायला हवं होतं.

जानेवारीत शेंड्याची नवी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबाच्या सालीसारखा. जुनी पानं मात्र हिरवीगार. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण, एवढं मला शोधून कळलं. लोह म्हटल्यावर मी खूश झालो, कारण हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, माझ्या ओळखीचा. रंगाऱ्याच्या घरात हिराकस म्हणजे काळ्या रंगाचा जुना सोबती. फवारा मारला, पाच दिवस पानं जरा हिरवट झाली, आठव्या दिवशी पुन्हा पिवळी. पुन्हा फवारा. पुन्हा पिवळी. मुळाशी घातला तर त्याचा गंज होऊन कुंडीवर तांबडा थर बसला. रोपाच्या पोटात काही गेलं नाही.

मार्चमध्ये साडू आले. सांगोल्याकडे त्यांची डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. तेल्या, मर, फळ पोखरणारी अळी, दर पाच वर्षांनी काहीतरी येऊन बाग मोडते आणि ते पुन्हा उभी करतात. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात त्यांच्या इतक्या खेपा झाल्यात की तिथला चहावाला त्यांना नावानं हाक मारतो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पान उलटं केलं, बघितलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, लोखंड कुंडीत हाय की. पण बांधलं गेलंय. तुम्ही पाणी कुठलं घालताय?"

"बोअरचं."

"मग बसा पिवळं बघत."

एकतीस वर्षं ज्यानं पाण्याचा पीएच काढला त्याला डाळिंबवाल्यानं पाण्याबद्दल विचारावं! कान लाल झाले. नळाला उजनीचं पाणी येतं चार-पाच दिवसांआड, ते पिण्याचं. मग कुंड्यांना बोअरच जायचं. आंबट माती बनवायला मी तीन दिवस राबलो होतो आणि रोज सकाळी झारीनं तिच्यावर चुना ओतत होतो.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची. पुढची चूक हुशारीची, म्हणून जास्त महाग पडली.

पाणी जड आहे ना? मग हलकं करायचं. मला हलकं पाणी कुठे मिळतं ते ठाऊक होतं. जुन्या खात्यातल्या पोराला फोन केला, तो संध्याकाळी येताना सॉफ्टनरचं पाणी दोन कॅन भरून आणायला लागला. हार्डनेस जवळपास शून्य. तीन आठवडे मी छाती फुगवून ते पाणी घातलं. चौथ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरगळायला लागल्या, जणू कुणी इस्त्री लावली.

चुकलं ते असं. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. त्याला रिचार्ज करायला आपण मीठ घालतो ते त्यासाठीच. टॉवेलला सोडियमचं काही वाटत नाही, झाडाला वाटतं. आणि मातीचा पीएच जो वर ढकलतो, तो पाण्यातला बायकार्बोनेट, तो सॉफ्टनरमधून जसाच्या तसा बाहेर येतो. म्हणजे ज्याच्याशी भांडण होतं तो घरातच राहिला आणि वर एक नवा भाडेकरू आणून ठेवला. हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा) आणि अल्कलिनिटी (बायकार्बोनेटची) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी किती हेल्परांना समजावून सांगितलं असेल. गच्चीवर चढताना ते ज्ञान बहुतेक जिन्यात ठेवून जात होतो.

मग एप्रिलमध्ये शहाणपणानं बसलो. बोअरच्या पाण्याचं टायट्रेशन केलं. ठरावीक पाण्यात थेंबथेंब ॲसिड सोडत पीएच साडेपाचवर यायला किती लागतं ते मोजलं. माझ्या बोअरला दहा लिटरच्या बादलीमागे चार-पाच ग्रॅम लिंबूसत्व लागतं. तुमच्या बोअरला वेगळं लागेल. शेजाऱ्याचा आकडा उचलून घालू नका, पीएच पेपर शंभर रुपयांना मिळतो. व्हिनेगरही घालून पाहिलं होतं, दोन दिवसांत परिणाम ओसरतो, कारण मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. लिंबूसत्वाचंही थोडं तसंच आहे, पण प्रत्येक पाण्याबरोबर घातलं की निभतं. मोठे बागायतदार यासाठी सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. मी ते आयुष्यभर हाताळलंय आणि म्हणूनच घरात आणत नाही. गंधकाची भुकटीही कुंड्यांत मिसळली, पण तिचं ॲसिड करायचं काम जिवाणूंचं, आणि त्यांना महिने लागतात. गंधक घालून आठव्या दिवशी पेपर बुडवणाऱ्यानं (मी) निराश होऊ नये.

सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं. आमच्याकडे पाऊस कमी, पण सप्टेंबरमध्ये बरा पडतो. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझी गच्ची साठ चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर आली की सहाशे लिटर. तीन निळे ड्रम पागोळीखाली मांडलेत. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही बादलीत धरतो, त्यातही क्षार जवळजवळ नसतात. बायको म्हणते, एसी आता माझ्यासाठी लागतो की झाडांसाठी, ते एकदा सांगा.

जुलैपर्यंत नवी पानं पूर्ण हिरवी आली. खत म्हणून फक्त अमोनियम सल्फेट, चिमूटभर, पंधरा दिवसांनी. या झाडाला नत्र अमोनियमच्या रूपात रुचतं, नायट्रेटच्या रूपात नाही.

मे महिन्याचं मधेच राहिलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीला काळ्या कुंडीला हात लावता येत नाही. ब्लूबेरीची मुळं केसांसारखी बारीक, वरच्या वीतभर थरातच पसरलेली, आणि त्यांना इतर झाडांसारखे मूलरोमही नसतात. वरचा थर तापला की संपलं. मी हिरवी नेट बांधली आणि कुंड्यांना जुन्या सोलापुरी चादरी गुंडाळून दिवसातून दोनदा ओल्या केल्या. माठ ज्या रीतीनं गार राहतो त्याच रीतीनं कुंडी गार राहते. गच्चीत चार पाहुणे चादर पांघरून बसलेत असं खालच्या गल्लीतून दिसायचं.

साडूंचं म्हणणं असं की पेरूसारख्या देशानं वाळवंटात ब्लूबेरी लावून जगात सगळ्यात मोठी निर्यात उभी केली, मग सांगोल्यात का नाही? मी त्यांना सांगितलं, पेरूचा किनारा वाळवंट खरा, पण थंड सागरी प्रवाहामुळे तिथं चव्वेचाळीस डिग्री होत नाही. आणि ठिबकमधून मोजून ॲसिड सोडायची सोय असते. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

त्यांचा एक सल्ला मात्र मी ऐकला आणि पस्तावलो. डाळिंबाला ताण देऊन बहार धरतात. पाणी तोडायचं, पानं गाळायची, मग एकदम पाणी सोडायचं की फुलं येतात. "हिलाबी ताण द्या," ते म्हणाले. नोव्हेंबरमध्ये एका बिलॉक्सीचं पाणी आठ दिवस तोडलं. फुलं सोडा, निम्म्या काड्या वाळल्या. त्या मुळांना दुष्काळ सोसायची सवयच नाही. डाळिंब आणि ब्लूबेरी या दोघींना एकाच सासूचे नियम लावता येत नाहीत.

उलटं टोकही बघून झालं होतं. ऑगस्टमध्ये झड लागली होती तेव्हा एका मिस्टीच्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहिलं. पानं लालसर झाली, मग मलूल. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. उपटून पाहिलं तर मुळं काळपट, बोटात धरली की साल निघून येत होती. मूळकूज, फायटोफ्थोरा. त्याच कुंडीत, शेणखताच्या कृपेनं, हुमणीच्या दोन पांढऱ्या अळ्या इंग्रजी सी अक्षरासारख्या वळून बसलेल्या. तेव्हापासून ताटल्या काढून टाकल्या आणि कुंड्या विटांवर चढवल्या. उरली तीन रोपं.

बाकीच्या किडीरोगांचं फार कौतुक सांगण्यासारखं नाही. पिठ्या ढेकूण आले, त्यांना मुंग्या घेऊन येतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट मोडायची आणि मग साबणाचं पाणी. पावसाळ्यात पानांच्या खालून नारिंगी पुटकुळ्या आल्या, तो तांबेरा. ती पानं तोडून जाळली आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालायला लागलो. फुलकिड्यांना निंबोळी अर्क, पाच टक्के, तोही संध्याकाळी आणि फुलं उमलायच्या आधी. फुलं उमलल्यावर काहीही फवारत नाही. त्याचं कारण सांगतो, कारण या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त मजा तिथं आली.

ब्लूबेरीचं फूल म्हणजे उलटी टांगलेली पांढरी घागर. आतले पुंकेसर रांगोळीच्या नळीसारखे. पराग नळीच्या पोटात, बाहेर यायला टोकाला बारीक भोक. रांगोळीची नळी नुसती हातात धरून काही होत नाही, टिचकी मारावी लागते. इथंही तसंच. मधमाशीला ही टिचकी मारता येत नाही. परदेशात बागेत पेट्या ठेवतात त्या संख्येच्या जोरावर काम होतं म्हणून. खरी टिचकी मारतात त्या वेगळ्या माश्या, ज्या फुलाला मिठी मारून पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातही हीच रीत.

2024 च्या फेब्रुवारीत पहिली फुलं आली. मी खुर्ची टाकून बसलो. पहिला आला काळा भुंगा, अंगठ्याएवढा, नेटच्या बांबूत गोल भोक पाडून राहणारा. त्याच्या भोकाखाली रोज भुसा पडायचा म्हणून मी ते बुजवायच्या बेतात होतो. म्हटलं, आला कामगार! पण त्यानं फुलाच्या तोंडाकडे बघितलंही नाही. बाहेरून बुडाशी चीर पाडली, मध ओढला आणि गेला. मागोमाग छोट्या फुलोरी माश्या आल्या, त्यांनीही त्याच चिरेतून हात मारला. परागाला कुणी शिवलं नाही. हाच भुंगा शेजारच्या वांग्याच्या फुलाला लटकून इमानदारीत भुणभुणतो, कारण वांग्यात मध नसतोच, परागच घ्यावा लागतो. इथं मध दिसला आणि नियत फिरली.

मग अकराच्या सुमारास निळ्या पट्ट्यांची माशी आली. पोटावर चमकदार निळे पट्टे, अशी निळाई मी डायच्या डब्यातही क्वचित पाहिली. ती आधीपासून आमच्याकडे येत होती, बायकोच्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर. ती फुलाला खालून धरून लटकली आणि एक बारीक, चढा आवाज आला, शिवणयंत्र दूर कुठेतरी अर्धा सेकंद चालल्यासारखा. तिथून पुढे तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला मी बंदी घातली. बायको म्हणाली, मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर तुळस वाळते. शेवटी चार तुळशी ठेवायच्या आणि दोनच खुडायच्या यावर तह झाला. भुंग्याचं भोकही ठेवलंय, वांग्यांसाठी.

माझ्यातला रंगारी तरी नमुने काढल्याशिवाय कसा राहणार? फुलांच्या घोसांना दोरे बांधले. लाल दोरा म्हणजे जाळीच्या पिशवीत बंद, कुणी शिवायचं नाही. हिरवा म्हणजे माश्यांवर सोडलेलं. पिवळा म्हणजे लेकीनं विसरलेल्या बॅटरीच्या टूथब्रशनं मी स्वतः थरथरवलेलं. काळ्या कागदावर मिस्टीचा पराग पाडायचा आणि तो कापसाच्या काडीनं बिलॉक्सीला लावायचा. लाल दोऱ्याची बहुतेक फुलं गळून गेली, राहिली ती फळं ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. हिरवा बरा. पिवळ्याची फळं सगळ्यात टपोरी. फळात बिया जितक्या जास्त तितकं ते फुगतं, आणि दुसऱ्या जातीचा पराग मिळाला की बिया जास्त धरतात. म्हणून एकाच जातीची रोपं घेऊ नका.

त्या वर्षी मोजून एक्केचाळीस फळं पिकली. त्यातली सव्वीस बुलबुलांनी खाल्ली. निळी झाल्याबरोबर तोडायची नसतात, देठाकडचा तांबूस डाग जाईपर्यंत अजून काही दिवस थांबायचं असतं. तेवढ्यात लाल बुडाच्या जोडीनं आपलं काम उरकलं. पुढच्या खेपेला जाळी घातली आणि तीन झाडांची मिळून साडेसहाशे ग्रॅम निघाली. खर्चाचा हिशोब बायकोनं मांडलाय, मी बघितलेला नाही.

पहिल्या हाताची फळं तोडली त्या दिवशी मी दोन पांढरे कप घेतले. एकात पावसाचं पाणी, एकात बोअरचं. दोन्हीत दोन-दोन फळांची साल चुरगळली. ब्लूबेरीचा रंग पीएचप्रमाणे बदलतो. पावसाच्या कपात गुलाबी-लाल उतरला, आमच्या जुन्या वाइन शेडच्या जवळ. बोअरच्या कपात जांभळा होऊन निळसर राखी झाला, मळक्या पाण्यात पेन धुतल्यासारखा.

साडू शेजारीच उभे होते. त्यांनी दोन्ही कप उचलून उन्हात धरले, पुन्हा पुन्हा बघितले आणि मला विचारलं, "साडूभाऊ, आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत घालून आणलं तर बघून द्याल का?"